लांबसडक म्हणजे किती?

मेहकराकडील एका मोठ्या एकत्र कुटुंबातून आलेले पत्र या महिन्यात आमच्यापुढे आहे. पत्र लिहिणारे गृहस्थ घरातील कर्ते असून त्यांच्या धाकट्या बंधूंच्या मुलीचे लग्न जमवावयाचे आहे. मुलगी पदवीधर, नोकरीत स्थिर, स्वभावाने मोकळी. स्थळाकडील मंडळी येऊन गेली, चहापोहे यथासांग झाले, आणि आठ दिवसांनी मध्यस्थामार्फत निरोप आला की, मुलगी सर्व प्रकारे पसंत आहे. केस तेवढे आखूड आहेत, म्हणून घरात विचार चालू आहे.

निरोप आला तो एका घराचा, आणि भांडण जुंपले ते दुसऱ्या घरात! नव्वदीच्या घरातील आजी म्हणाल्या की, ते काही खोटे बोलत नाहीत, पोरीच्या पाठीवर एवढेसे शेपूट आहे. मुलीच्या आईस वाटले की, केस बेताचे आहेत, पण आखूड म्हणण्यासारखे खास नाहीत. पुण्याहून सुटीस आलेल्या थोरल्या सूनबाईंनी तर सरळ सांगितले की, त्यांच्या कचेरीत एवढे लांब केस एकीचेही नाहीत. आणि जिच्यावरून हे सर्व चालले होते ती मुलगी म्हणाली, “माझ्या मैत्रिणी मला ‘लांब केसवाली’ म्हणूनच ओळखतात.” शेवटी घरातील एका चिरंजिवांनी शाळेतील फूटपट्टी आणून मोजमाप घेतले. मानेच्या खाचेपासून टोकापर्यंत तेरा इंच भरले. तेरा इंच म्हणजे लांब की आखूड, याचा निकाल आम्ही द्यावा, अशी पत्रलेखकांची विनंती आहे.

निकाल देण्याचे आम्ही साफ नाकारतो. परंतु प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही, आणि ज्या घरातून तो आला आहे त्या घराच्या चारही पिढ्या आपापल्या परीने खरे बोलत आहेत, हे दाखविता येईल.

प्रथम मोजण्याचीच गोष्ट घेऊ. केस इंचांत मोजण्याची आपल्याकडे रीत नव्हती. मानेवर रुळणारे, खांद्याशी टेकणारे, पाठभर, कमरेइतके, गुडघ्यापर्यंत, पोटरीपर्यंत, अशी आपली मापे. म्हणजे जिचे केस तिचेच शरीर गज म्हणून वापरावयाचे. या मापात मोठी गंमत आहे. टाळूपासून सव्वीस-सत्तावीस इंच केस साडेचार फूट उंचीच्या बाईच्या कमरेखाली जातील, आणि साडेपाच फूट उंचीच्या बाईच्या कमरेपर्यंत पोहोचणारही नाहीत. केस तेवढेच, पण एक लांबसडक ठरली व दुसरी बेताची. उलट, फूटपट्टी घेऊन बसले तरी मोजावयाचे कोठून? कपाळावरून, टाळूवरून की मानेवरून? कपाळापासून मोजले आणि मानेपासून मोजले यांत चांगला हातभर नसला तरी वीतभराहून अधिक फरक पडतो. पत्रातील तेरा इंच मानेपासूनचे आहेत. हेच माप टाळूवरून घेतले असते तर घरातील भांडण कदाचित त्याच दिवशी मिटले असते!

कुरळ्या केसांची तर दादच कोठे लागत नाही. न्हाऊन आल्याबरोबर जे केस कमरेस लागतात तेच वाळल्यावर आखडून खांद्याच्या फऱ्यांशी येऊन थांबतात. अशा मुलीस पाहावयाचे तर ओलेतीच पाहिली पाहिजे.

पण मापाचा घोळ हा खरा मुद्दा नव्हे. आमचे मत असे की, केस लांब की आखूड हे ठरते ते त्यांच्याकडून काय काम घ्यावयाचे यावरून. पत्रातील आजींच्या तरुणपणी बाईने केस मोकळे सोडणे म्हणजे सुतक तरी असावे किंवा अंगात तरी यावे. मोकळ्या केसांची द्रौपदी सर्वांच्या डोळ्यांपुढे होतीच. केस बांधलेच पाहिजेत, आणि नऊवारी लुगड्यावर शोभेल असा खोपा किंवा अंबाडा त्यांचा झाला पाहिजे, हा दंडक. खोपा घालावयाचा तर केस पुरे पाठभर हवेत. वरून फूल खोचावे, मूद माळावी, आणि दिवसभर पाणी भरून, धुणे धुऊन, चुलीपुढे बसूनही तो सुटू नये. ज्या केसांचा असा खोपा गंगावन लावल्याशिवाय होत नसे ते आखूड. आजींच्या दृष्टीने नातीच्या तेरा इंचांचा खोपा होत नाही. सबब ते आखूड आहेत. त्यांचे म्हणणे बिनतोड आहे.

पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या आणि खोप्याची जागा दोन वेण्यांनी घेतली. त्या वेण्या रिबिनी लावून कानांशी वर बांधावयाच्या. वर बांधून वेणी पुन्हा खांद्यापर्यंत येईल इतकी असली की झाले. पत्रातील मुलीची आई याच पिढीतील, म्हणून तिला हे केस बेताचे वाटतात. आणि आजच्या मुली बहुधा केस मोकळे सोडतात किंवा एका रबरात अडकवितात. वेणी घातली म्हणजे गुंफण्यात काही इंच खर्ची पडतात, मोकळ्या केसांत ते दिसतात. शिवाय जिच्या भोवतीच्या दहांपैकी सात जणींचे केस खांद्यावर आहेत तिचे पाठीवरचे तेरा इंच खरोखरीच लांब दिसतात. डोळा काही पट्टी नव्हे. तो शेजारच्याशी ताडून पाहतो. गोरेपणाचे, उंचीचे, श्रीमंतीचे जे आहे तेच केसांचेही.

आता पुरुषांनी या भांडणात हसत बसू नये. त्यांच्या डोक्यावरून यापेक्षा मोठे गोंधळ झालेले आहेत. पेशवाईत घेरा राखणाऱ्यास घेऱ्याची रुंदी किती असावी याची चिंता. वैदिकाने शेंडी गाईच्या खुराएवढी राखावी असे जुने माप. आणि कॉलेजात जाणाऱ्या चिरंजिवांनी शेंडी बारीक करीत करीत चार केसांवर आणली म्हणजे वडिलांचा संताप! त्याच चिरंजिवांनी पुढे सबंध डोक्यावर दोन बोटे केस राखले तेव्हा वडील म्हणत, “केवढे केस वाढवून ठेवले आहेस!” दोन बोटे केस लांब, आणि हातभर शेंडी मात्र योग्य. मुलाच्या केसांची लांबी आजही कॉलरीवरून ठरते. कॉलरीस लागले की लांब, मग ते तीन इंचच का असेनात. त्याच्याच बहिणीचे तीन इंच केस पाहिले तर शेजारीण विचारील, “काय हो, विषमज्वर होऊन गेला का?”

या प्रकारची विसंगती विनोदाने सांगता येते तोवर ठीक. पण आपल्या घरांच्या इतिहासात केसांच्या लांबीचा एक अध्याय असा आहे की तेथे विनोद थांबतो. नवऱ्याच्या मरणानंतर केशवपन झालेल्या बाईच्या डोक्यावर किती केस चालत? एक बोटही नाही. न्हावी दर महिन्यास किंवा पंधरवड्यास मागच्या दाराने येई, आणि त्याला यावयास चार दिवस उशीर झाला की घरातील वडील मंडळी कुजबुजू लागत, “फार केस वाढलेत.” ज्या घरात सुनेच्या कमरेपर्यंतच्या केसांस बेताचे म्हणत, त्याच घरात तिच्याच नणंदेच्या डोक्यावरील अर्ध्या इंचास फार म्हणत. दोघींच्या वयात कधी कधी दोन वर्षांचे अंतर. या नणंदेला दुपारी सुनेची वेणी घालून द्यावयासही बसविले जाई, कारण तिला दुसरे काम नाही आणि तिच्या हाताला सराव होता! लाल आलवणाच्या पदराखाली ती काय विचार करीत असेल, ते घरात कोणी विचारले नाही.

तो न्हावी मात्र विचार करीत होता, असे म्हणावयास आधार आहे. १८९० साली मुंबईतील न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे वपन न करण्याचा ठराव केला. ‘दीनबंधु’कर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचे त्यास पाठबळ होते. ज्यांच्या घरांत ही चाल मुख्यत्वे नव्हती त्यांनी तिच्याविरुद्ध वस्तरा खाली ठेवावा आणि ज्यांच्या घरांत ती होती त्यांनी शास्त्राधार शोधीत बसावे, ही गोष्ट आपल्या समाजास भूषणावह खास नाही. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. याच सदनातील गोदूबाई या बालविधवा विद्यार्थिनीशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला, आणि त्यामुळे मुरुडास त्यांच्यावर बहिष्कार पडला, हे सर्वश्रुत आहे. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची हकिगत मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. त्यांनी कितीएक वर्षे वपन केलेल्या डोक्यानेच गावोगाव हिंडून अनाथ बालिकाश्रमासाठी वर्गणी गोळा केली, आणि पुढे वयाने प्रौढ झाल्यावर विचारपूर्वक वपन बंद करून केस राखले. ‘माझी कहाणी’ या आत्मवृत्तात त्यांनी आपले आयुष्य मांडून ठेवले आहे. प्रौढ बाईचे ते नवे केस किती इंच होते, हे मोजावयास कोणी फूटपट्टी आणली नसेल. पण त्या काळच्या पुणेकरांच्या डोळ्यांत ते गुडघ्यापर्यंतच्या केसांहून लांब भरले असणार.

वऱ्हाडातील घरे याला अपवाद होती असे समजू नये. चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव येथील जुन्या वाड्यांतून मागच्या पडवीत एखादी आत्या किंवा काकू अशी असेच. आज ती चाल राहिली नाही. पण ज्या घरांतून ती गेली त्या घरांतील सुनांच्या केसांवर बोलण्याचा हक्क मात्र कोणी सोडलेला दिसत नाही.

आता शरीरशास्त्राकडे वळू, कारण पत्रलेखकांच्या घरात जी टीका झाली तिच्यात एक अन्याय लपलेला आहे. “लहानपणी तेल नीट लावले असते, शिकेकाई सोडली नसती, तर असे झाले नसते,” असे आजींनी मुलीच्या आईस ऐकविले आहे. म्हणजे आखूड केस हा मुलीचा दोष आणि आईचा निष्काळजीपणा. शास्त्र असे म्हणत नाही.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस महिन्यास साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धा इंच वाढतो. वर्षास सहा इंच. सर्व केसांची वाढ एकत्र धरली तर महिन्यास किलोमीटरभर केस आपल्या डोक्यातून निघतो! पण कोणताही केस अखंड वाढत राहत नाही. त्याच्या मुळाचे तीन काळ असतात. पहिला वाढीचा, तो काही वर्षांचा. दुसरा दोन-तीन आठवड्यांचा, त्यात वाढ थांबते. तिसरा सुमारे तीन महिन्यांच्या विसाव्याचा. विसावा संपला की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा निघतो. रोज पन्नास ते शंभर केस फणीत येतात ते बहुतेक असे मुदत भरलेले असतात, आणि त्यांच्यासाठी हळहळण्याचे कारण नसते.

सगळी मेख वाढीच्या काळात आहे. तो कोणाचा दोन-तीन वर्षांचा असतो, कोणाचा सहा-सात वर्षांचा, आणि हे आनुवंशिक असते. ज्या मुलीचा वाढीचा काळ तीन वर्षांचा तिचे केस कधी कापले नाहीत तरी दीड फुटाच्या आसपासच थांबणार. जिचा सहा वर्षांचा, तिचे तीन फूट होतील. गुडघ्यापर्यंत, म्हणजे टाळूपासून चार फूट, केस व्हावयाचे तर एकेक केस आठ वर्षे न गळता टिकला पाहिजे. अशा स्त्रिया पूर्वीही थोड्या होत्या आणि आताही थोड्याच आहेत. जुन्या काळी सगळ्यांचेच केस लांबसडक असत, ही समजूत आठवणींनी वाढविलेली आहे. गंगावन विकणारे उगीच का गावोगाव फिरत? भुवईचा केस वाढत का नाही, याचे उत्तरही हेच: त्याचा वाढीचा काळ काही महिन्यांचाच असतो, म्हणून भुवयांना वेणी घालण्याची पाळी कोणावर येत नाही.

तेलाने, माक्याने, जास्वंदीने केस मऊ राहतात, टोके फाटत नाहीत, तुटणे कमी होते. तुटणे कमी झाले तर निसर्गाने दिलेली लांबी पदरात पडते. त्यापलीकडे एक वीतही मिळत नाही. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, ज्या तेलाच्या बाटलीवर पोटरीपर्यंत केस सोडलेल्या स्त्रीचे चित्र असते ते तेल घेणाऱ्या घरात चित्रातल्यासारखे केस कोणाचेच नसतात. एवढ्यावरून काय समजावयाचे ते वाचकांनी समजावे.

मुलीच्या आईला जे ऐकावे लागले ते म्हणूनच अन्यायाचे आहे. उंची वाढली नाही म्हणून आईस कोणी दोष देत नाही. केसांची गोष्टही तशीच आहे. अंगात रक्त कमी असले, थायरॉईडचा विकार असला, मोठे दुखणे किंवा बाळंतपण होऊन गेले, तर केस अधिक गळतात हे खरे, आणि तेव्हा वैद्याकडे जावे. पण निरोगी मुलीचे केस पाठीवर थांबले तर त्यात सुधारण्यासारखे काही नाही.

परदेशांत काय चालते ते थोडक्यात सांगतो. जपानच्या दरबारात दहाव्या-अकराव्या शतकांत कुलीन स्त्रीचे केस तिच्या उंचीहून लांब, जमिनीवर लोळणारे असावेत अशी अपेक्षा असे. तिला घरकाम नव्हते, हे सांगणे नलगे. चीनच्या ग्वांग्शी प्रांतातील ह्वांगलुओ गावच्या याओ स्त्रिया परंपरेने जन्मात एकदाच, वयात येताना, केस कापतात आणि कापलेले केसही डोक्यावरच गुंडाळून ठेवतात. आपल्या देशात उत्तर प्रदेशच्या स्मिता श्रीवास्तव यांचे केस २३६.२२ सेंटिमीटर, म्हणजे पावणेआठ फूट, भरल्याची नोंद २०२३ साली गिनेसच्या विक्रमांत झाली. त्यापूर्वी गुजरातच्या नीलांशी पटेल या मुलीने दोन मीटर केसांचा विक्रम केला होता. तिने २०२१ साली ते कापून टाकले. इतके केस सांभाळणे हा स्वतंत्र व्यवसायच होय.

आणि सांभाळण्याचा हा मुद्दा आपण नेहमी विसरतो. कमरेइतके केस म्हणजे किती पाणी? शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, शिकेकाई केसांतून निघता निघत नाही. उन्हाळ्यात गोड पाण्याचा हंडा दुरून आणावयाचा, आणि त्यातील दोन बादल्या एका न्हाण्यास लावावयाच्या. जुन्या वाड्यात दुपारी ओसरीवर वेणीफणीची रांग बसे, आत्या काकूचे विंचरी आणि काकू मुलीचे, तेव्हा लांब केस वाढविणे हे एकटीचे काम नव्हते. चार हात त्यात गुंतलेले असत. आज सकाळी साडेआठाची बस गाठणाऱ्या मुलीला ते चार हात कोण देणार? ज्यांना सुनेचे केस कमरेइतके हवे असतील त्यांनी रविवारी तिला न्हाऊ घालून केस वाळविण्याची तयारीही दाखवावी. ती तयारी असेल तर आमचा आक्षेप नाही.

लांबी म्हटली की ती चांगलीच, हेही खरे नाही. जट आलेल्या बाईचे केस तीन-तीन फूट लांब असतात. त्यांना लांबसडक कोणी म्हणत नाही. वास्तविक तो विंचरण न झालेल्या केसांचा गुंता. पण त्यास देवीचे बोलावणे समजून कितीतरी मुलींचे आयुष्य देवाला वाहिले गेले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा जटा समजुतीने कापून बायकांच्या मानेवरचा भार उतरविला आहे. येथे मुक्ती मिळाली ती कात्रीने.

हे सर्व लिहिताना आमच्या मनात सारखी शेगाव तालुक्याची आठवण येत होती, आणि पत्रलेखक त्याच जिल्ह्यातील असल्याने त्यांच्याही मनात ती असावी. २०२४ सालच्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतून एकाएकी लोकांचे केस गळू लागले. प्रथम डोक्यास खाज, मग हात लावला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, शाळकरी मुले, कोणी सुटले नाही. १८ गावांतील २७९ लोकांस हा त्रास झाल्याची संख्या प्रसिद्ध झाली. पहिला संशय खाऱ्या पाण्यावर गेला, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ येऊन नमुने घेऊन गेले. विंचवाच्या दंशावरील संशोधनाने प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः जाऊन पाहणी केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले अनुमान मांडले की, रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य अतोनात होते. तो गहू पंजाबाकडून आलेला असून तेथील काही जमिनींत हे द्रव्य मुळातच अधिक आहे. बाधित लोकांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम वाढलेले आणि जस्त घटलेले त्यांना आढळले. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर या भागांतील काही माती सेलेनियमयुक्त आहे हे कृषितज्ज्ञांस पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि चीनमधील एन्शी भागात १९६०च्या दशकात अशाच कारणाने लोकांचे केस व नखे गळाल्याची नोंद आहे. सेलेनियम शरीरास लागते, पण ते मायक्रोग्रॅमच्या हिशेबात. मोठ्या माणसास दिवसास ५५ मायक्रोग्रॅम पुरतात, आणि ४०० च्या वर सतत जाऊ लागले की ते विष होते. पुढे एप्रिलमध्ये त्याच गावांतून नखे गळाल्याच्या तक्रारी आल्या, त्याही या लक्षणांशी जुळणाऱ्याच होत्या.

वर्तमानपत्रांनी या प्रकाराचे वर्णन बहुतेक थट्टेच्या सुरात केले. ‘टकलांचे गाव’ म्हणून त्यांची चित्रे देशभर फिरली. परंतु त्यात कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. अर्धवट गळलेले केस लपविता येत नाहीत म्हणून कित्येकांनी उरलेले स्वतःच भादरून घेतले, मुलींनी घराबाहेर पडणे सोडले, जमत आलेली लग्ने अडली. ज्या गव्हाच्या पोळीशिवाय त्यांना दुसरी पोळी नव्हती त्या गव्हाने हे केले, आणि त्यात त्यांचा दोष तिळमात्र नव्हता. कोणाला धान्य बाजारातून निवडून आणता येते आणि कोणास मिळेल ते खावे लागते, याचा हिशेब त्या डोक्यांवर लिहिलेला सर्वांनी पाहिला.

बाधितांपैकी पुष्कळांचे केस पुढील आठवड्यांत पुन्हा येऊ लागले. पण वर जो हिशेब सांगितला तो येथेही लागू आहे. २०२५ च्या वसंतात ज्या मुलीच्या डोक्यावर नवा केस फुटला, तिचे केस महिन्यास अर्धा इंच या चालीने वाढावयाचे. कानांपर्यंत येण्यास वर्ष, आखूड का होईना पण वेणी पडण्यास दोन वर्षांच्या वर, पाठीवर पोहोचण्यास तीन, आणि कमरेपर्यंत, निसर्गाने तेवढे दिलेच असतील तर, चार-साडेचार वर्षे. या मुदतीत त्या मुली विवाहयोग्य होतील, त्यांची स्थळे पाहिली जातील, आणि पाहावयास आलेली मंडळी पोहे खाता खाता त्यांच्या पाठीकडे नजर टाकतील.

मेहकराकडील पत्रलेखकांस आमचे सांगणे एवढेच की, मध्यस्थास उलट निरोप पाठवावा: मुलीचे केस तेरा इंच आहेत, ते निरोगी आहेत, आणि लग्नानंतर ते वाढवावे की कापावे हे ती ठरवील. विचार करावयास पंधरा दिवस द्यावेत. त्याउपर त्यांचा विचार चालूच राहिला तर दुसरे स्थळ पाहावे. आणि आपल्या घरातील एखाद्या चिरंजिवासाठी शेगावाकडील मुलगी सांगून आली, तिचे केस खांद्यापर्यंतच असले, तर ‘पूर्वीचा फोटो असल्यास पाठवावा’ असे तेवढे लिहू नये.